चुंबक तापला की त्याचं नक्की काय जातं? घरच्या टेबलावर तपासायची रीत

आठ चकत्या होत्या निओडायमियम चुंबकाच्या, १० मिलिमीटर व्यासाच्या आणि २ मिलिमीटर जाड. पवनचक्कीच्या लहानशा मॉडेलसाठी मी त्या बेकेलाइटच्या तबकडीवर आधी टेपने लावून पाहिल्या होत्या. व्होल्टेज छान मिळालं, म्हणून इपॉक्सीने पक्क्या केल्या आणि इपॉक्सी लवकर सुकावं म्हणून तबकडी ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवली. गार झाल्यावर फिरवली, तर आदल्या दिवशीच्या व्होल्टेजच्या जेमतेम निम्मं हाती आलं. चकत्यांवर ना डाग, ना तडा. दिसायला होत्या तशाच चकचकीत.

मोटर आणि स्पीकर दुरुस्तीचं काम करताना हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं: चुंबक तापला की जातो का? ‘हो’ म्हटलं तरी ते अर्धवट उत्तर होतं आणि ‘नाही’ म्हटलं तरी. चांगला चुंबक उगाच फेकून दिलेला मी पाहिला आहे आणि गेलेला चुंबक तसाच मोटरमध्ये ठेवून कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, बदलत बसलेली माणसंही पाहिली आहेत. म्हणून सुरुवात करणाऱ्यांसाठी ही रीत लिहितो आहे. फार सामान लागत नाही. फोन, गरम पाणी आणि एक रविवार पुरतो.

आधी नुकसानाचे तीन प्रकार समजून घ्या

शिरूरकडे रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हा एकदा नीट पाहा. वारा आला की ताटं डोलतात, वारा थांबला की पुन्हा सरळ होतात. वादळ झालं तर काही ताटं आडवी पडतात. ती आपोआप उठत नाहीत, कुणीतरी उभी करून बांधावी लागतात. आणि ताट मोडलंच असेल, तर बांधूनही उपयोग नाही.

चुंबकाचं तसंच आहे. त्याच्या आत अणूंचे लहान लहान गट असतात, त्यांना डोमेन म्हणतात, आणि सगळ्यांचं तोंड साधारण एकाच दिशेला असतं. उष्णतेने अणू थरथरतात, दिशेचा नेम थोडा ढळतो आणि ओढ कमी होते. गार केलं की ओढ परत येते. हे पहिलं नुकसान, परत येणारं. तापमान आणखी वाढलं की काही गट पार उलटे होतात आणि गार केल्यावरही तसेच राहतात. हे दुसरं. चुंबक नव्याने मॅग्नेटाइज केला तर ते भरून निघतं. तिसऱ्यात मात्र पदार्थच बदलतो: गंज चढतो, आतली घडण बिघडते. ते कशानेही भरून येत नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला क्युरी तापमान असतं. प्येर क्युरी यांनी १८९५ च्या प्रबंधात याचा सखोल अभ्यास मांडला, म्हणून त्यांचं नाव. त्या तापमानाला दिशेची सगळी शिस्त संपते. लोखंडाचं हे तापमान ७७० अंश सेल्सिअस, फेराइटचं, म्हणजे स्पीकरमधल्या काळ्या चुंबकाचं, ४५० च्या आसपास, निओडायमियम चुंबकाचं साधारण ३१०. नवखा माणूस ३१० वाचतो आणि समजतो की २०० पर्यंत काळजी नाही. पण साध्या निओडायमियमची कामाची मर्यादा ८० अंशच धरतात. क्युरी तापमान हे पीक जळून जाण्याचं तापमान आहे. आडवं ते त्याच्या कितीतरी आधी पडतं.

खरेदी

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा. सकाळी गर्दी कमी असते, दुकानदाराला बोलायला सवड असते. नुसतं ‘मॅग्नेट द्या’ म्हटलं तर काळी फेराइटची रिंग मिळेल. चकचकीत हवा असेल तर ‘निओडायमियम’ म्हणा आणि ग्रेड विचारा. ग्रेड माहीत नसेल तर तो एन ३५ किंवा त्याच्या आसपासचा साधा माल समजून चाला.

तीन गोष्टी घ्या: १० मिलिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या, त्याच व्यासाच्या पण १ मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या, आणि दोन फेराइट रिंगा. रिंगा नव्या घ्यायची गरज नाही. जुन्या बाजारात फुटक्या स्पीकरमध्ये हव्या तेवढ्या सापडतात. प्रत्येक जातीतला एक नग बाजूला ठेवा, त्याला कधीही तापवायचं नाही. शेवटी मोजमापावरच शंका आली, तर तोच नग सांगेल की चुंबक बदलला की तुमची मांडणी हलली.

गरम करण्याआधी हे वाचा

दोन निओडायमियम चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्यांच्या आरपार एकमेकांना ओढून धरतात. ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. घरात लहान मूल असेल तर चकत्या मोजून काढा आणि मोजून परत ठेवा. कुणी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. पेसमेकर असलेल्या माणसाला या टेबलाजवळ येऊ देऊ नका. निओडायमियमला ड्रिल मारू नका, घासू नका, त्याची बारीक पूड पेट घेते. गॅसच्या थेट ज्योतीवर धरू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही.

मांडणी: इथे वेळ घालवा

लाकडी टेबल घ्या, स्टीलचं नको. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो, तोच आपला मीटर. आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप टाका, त्यात मॅग्नेटोमीटर उघडा. फोनचं कव्हर काढा, पुष्कळ कव्हरांत चुंबक असतो. सेन्सर बहुधा फोनच्या वरच्या टोकाजवळ असतो. नक्की कुठे, ते शोधायला चुंबकावर घासलेली सुई फोनवरून हळूहळू फिरवा. आकडा जिथे सर्वांत जास्त उडी घेतो, तिथे पेन्सिलीने खूण करा.

आता चकतीचं सपाट तोंड सेन्सरकडे करून ती १० सेंटिमीटरवर उभी ठेवा. ५ मिलिमीटर जाडीच्या चकतीला साधारण ७० मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) दिसायला हवेत. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्रही ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, म्हणून आधी चुंबक लांब नेऊन मिळणारा आकडा लिहा आणि तो वजा करा. ॲप तीन दिशांचे आकडे वेगवेगळे दाखवतं. चकतीच्या दिशेचा एकच आकडा धरा, तिन्हींची बेरीज नको. पातळ चकतीसाठी फोन ६ ते ७ सेंटिमीटरवर आणा, नाहीतर आकडा फारच लहान येतो.

फोन आणि चकती दोन्ही पक्के बसवण्याचा मी आग्रह धरतो, त्याला कारण आहे. चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. १० सेंटिमीटरवर चकती फक्त १ मिलिमीटर सरकली तर आकडा ३ टक्क्यांनी बदलतो. आपण शोधतो आहोत तो बदलही ५-६ टक्क्यांचाच आहे. फोनच्या चारी बाजूंनी पेन्सिलीची रेघ ओढा आणि तो टेपने टेबलाला चिकटवा.

गरम पाण्याची चाचणी

पाणी चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अडवत नाही. त्याचा फायदा घ्या: चुंबक पाण्यातच ठेवा आणि बाहेरून मोजा. चकती फरशीच्या लहान तुकड्याला दोऱ्याने घट्ट बांधा आणि तो तुकडा काचेच्या भांड्यात फोनकडच्या भिंतीला टेकवून उभा करा. भांडं काचेचंच हवं, काही स्टीलची भांडी चुंबकाला धरतात. भांडं आणि फोन यांच्यामध्ये थर्माकोलचा तुकडा ठेवा, कारण फोनचा सेन्सर तापला तर तोही चुकीचं सांगतो.

आधी भांड्यात साधं पाणी ठेवून आकडा लिहा, मग ते काढून टाका. गॅसवर वेगळं तापवलेलं ८५ अंशांचं पाणी चकती न हलवता हळू ओता. काच तडकू नये म्हणून बोरोसिलची काच वापरा आणि आधी कोमट पाण्याने भांडं गरम करून घ्या. पाणी ८० वर आलं की पहिला आकडा घ्या आणि मग दर १० अंशांना एक, अगदी ३० पर्यंत. थर्मामीटरची सळई आकडा घेताना बाहेर काढा. तासभर लागतो. चहा करून घ्या, पण टेबलाला धक्का लागू देऊ नका.

जाड चकतीचा आकडा पाणी निवेल तसा चढत जाईल. निओडायमियमची ओढ दर अंशाला साधारण ०.१२ टक्क्यांनी घटते, म्हणून ८० वरून ३० वर येताना ६ टक्क्यांच्या आसपास परत मिळतील आणि शेवटी जवळजवळ मूळ आकड्यावर याल. वाऱ्याने डोललेली ज्वारी सरळ झाली. हा आलेख स्वतःच्या हाताने काढा. चुंबक परत जिवंत होताना दिसतो, त्याचं अप्रूप मला अजून आहे.

पातळ चकती मात्र बहुधा मूळ आकड्यावर परत येणार नाही. माल तोच, तापमान तेच, तरीही. कारण असं, की प्रत्येक चुंबकाचं स्वतःचंच क्षेत्र त्याला आतून उलट दिशेला ढकलत असतं आणि चुंबक जितका पातळ तितका हा धक्का जोरदार. त्या धक्क्याला तोंड देण्याची ताकद उष्णतेने फार भराभर उतरते, दर अंशाला ०.६ टक्क्यांच्या आसपास. ओढ कमी होण्याच्या वेगापेक्षा हा पाचपट वेग आहे. म्हणून ‘८० अंशांपर्यंत चालतो’ ही नोंद चांगल्या जाडीच्या चुंबकासाठी आहे. पातळ चकतीला ती लागू नाही. माझ्या त्या २ मिलिमीटरच्या चकत्यांना १२० अंशांत हेच झालं.

दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग उकळत्या पाण्याने करा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. त्याहून जास्त ते कधीच तापणार नाही, म्हणून ही आयती ठरलेली खूण आहे. पातळ चकती या वेळी आणखी खाली बसेल. मग तीच चकती पुन्हा एकदा ९८ ला न्या आणि गार करून मोजा. बहुतेक नवं नुकसान दिसणार नाही. जी ताटं पडायची ती पहिल्याच वादळात पडली. सेन्सरसाठी चुंबक लावायचा असेल तर हे ज्ञान सोन्याचं आहे: कामात जेवढं तापणार त्याहून थोडं जास्त आधीच तापवून घ्या, जे जायचं ते जाऊ द्या, मग उरलेल्या ताकदीवर सेन्सर जुळवा. कारखान्यांतही असंच करतात.

पातळ चकत्या एकावर एक चिकटवून तापवल्या तर नुकसान कमी होतं. एकत्र त्या एका जाड चकतीसारख्या वागतात. लोखंडी पट्टीवर बसवलेला चुंबकही सुट्यापेक्षा जास्त सोसतो.

फेराइट उलटा वागतो

काळी फेराइट रिंग गरम पाण्यात टाकली की आकडा निओडायमियमपेक्षा जास्त पडतो, दर अंशाला सुमारे ०.२ टक्के. ८० ते ३० मध्ये १० टक्के. लोक घाबरतात. पण गार झाल्यावर सगळं परत येतं, कारण उलट्या धक्क्याला तोंड देण्याची फेराइटची ताकद उष्णतेने घटत नाही, उलट वाढते. त्याला धोका थंडीचा. फ्रीझरमधल्या उणे १८ अंशांत पातळ फेराइटचं परत न येणारं नुकसान होऊ शकतं. स्पीकरमधली रिंग म्हणूनच लग्नाच्या मांडवात मे महिन्याच्या दुपारीही टिकते. तिथे स्पीकर गेला तर बहुधा कॉइल जळलेली असते, चुंबक नव्हे.

आणि पुण्याच्या उन्हाळ्याचं विचाराल, तर ४० अंशांच्या हवेने निओडायमियमचे दोन टक्केही जात नाहीत आणि तेही संध्याकाळी परत येतात. बंद गाडीचा डॅशबोर्ड मात्र उन्हात ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. मोबाइल होल्डरमधली पातळ चकती तिथे हळूहळू सैल पडली तर आश्चर्य नाही.

ग्रेडमागची अक्षरं

एन ३५ मधला आकडा ताकद सांगतो, उष्णता नव्हे. उष्णतेचं शेवटच्या अक्षरांत असतं: अक्षर नसेल तर ८० अंश, एम असेल तर १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. एन ५२ महाग म्हणून तो जास्त उष्णता सोसेल असं नाही. मोटरसाठी मी एन ५२ पेक्षा एन ३५ एसएच केव्हाही घेईन.

वरच्या ग्रेडमध्ये डिस्प्रोसियम आणि टर्बियम थोडं घातलेलं असतं. त्यानेच चुंबक उष्णतेत तग धरतो आणि त्यानेच किंमत चढते. चीनने एप्रिल २०२५ मध्ये या दोन्ही धातूंसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा चाकणपासून सगळ्या वाहन उद्योगाला चुंबकांची चणचण जाणवली. समेरियम कोबाल्टचा चुंबक ३०० अंशांच्या आसपासही काम करतो, पण महाग आणि ठिसूळ. अल्निको जातीचा चुंबक त्याच्याही पुढे जातो, मात्र नुसत्या दुसऱ्या चुंबकाच्या धक्क्याने तो उतरू शकतो.

बसवताना

चुंबकाशेजारी सोल्डरिंग करायचं असेल तर सोल्डरिंग आधी, चुंबक नंतर. हे जमत नसेल तर ओल्या कापसात चुंबक गुंडाळा आणि सोल्डरचा डाग दोन-तीन सेकंदांत संपवा. हीट गन चुंबकावर रोखू नका, तिची हवा सहज ३०० च्या पुढे जाते. इपॉक्सी खोलीच्या तापमानाला सुकणारं घ्या आणि रात्रभर थांबा. मी आता तेच करतो.

हब मोटरमध्ये चुंबक गेलाय का, ते ओळखणं

धनकवडीचा एक मुलगा ई-सायकल घेऊन आला. तिची मोटर चाकातच बसवलेली, म्हणजे हब मोटर. मागे मित्राला बसवून जुना कात्रज घाट चढला होता, मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली होती. त्याची तक्रार मी शब्दशः सांगतो, कारण ती फार बोलकी आहे: ‘काका, चढावर ओढत नाही, पण स्टँडवर लावली की आधीपेक्षा जोरात फिरते.’ दुसऱ्या दुकानात त्याला कंट्रोलर बदलायला सांगितलं होतं.

चुंबक अशक्त झाला की मोटरचं उलट व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, कमी होतं. त्यामुळे मोकळी मोटर जास्त वेगाने पळते आणि तेवढीच ओढ द्यायला जास्त करंट खाते. जास्त करंटने ती आणखी तापते, आणखी तापल्याने चुंबक आणखी उतरतो. घाटात तर उष्णता आणि वाइंडिंगचं, म्हणजे तारेच्या गुंडाळीचं, उलटं क्षेत्र असे दोन्ही एकदम चुंबकावर येतात. नुसत्या उष्णतेत टिकला असता असा चुंबकही तिथे हार मानतो.

तपासायला मोटर उघडायची गरज नाही. मोटर पूर्ण गार होऊ द्या. कंट्रोलरपासून तिन्ही जाड फेज वायर सोडवा. कुठल्याही दोन वायरींना मल्टिमीटर लावा, एसी व्होल्टवर. चाक ड्रिलला रबरी चाकी लावून एकसारखं फिरवा आणि व्होल्टेज लिहा, मग त्याच वेगाला मीटर हर्ट्झवर टाकून फ्रीक्वेन्सी लिहा. व्होल्टेजला फ्रीक्वेन्सीने भागा. वेग कमी-जास्त झाला तरी हा भागाकार बदलत नाही, कारण तो फक्त चुंबकाच्या ताकदीवर आणि वाइंडिंगवर ठरतो. ही रीत गियर नसलेल्या हब मोटरसाठी आहे. गियरच्या मोटरमध्ये आत फ्रीव्हील असतं, पुढे फिरवलं तर काहीच मिळत नाही.

त्या मुलाच्या मित्राकडे तीच मोटर होती. ती ०.२२ आली, याची ०.१८. म्हणजे १८ टक्के चुंबकत्व गेलेलं आणि कंट्रोलर धडधाकट. अशा वेळी रोटर, म्हणजे चुंबक बसवलेला फिरता भाग, नव्याने मॅग्नेटाइज करता येतो. भोसरी एमआयडीसीत कपॅसिटर डिस्चार्ज मॅग्नेटायझर असलेली वर्कशॉप आहेत. काही मिलिसेकंदांसाठी हजारो अँपिअरचा झटका देऊन ती आडवे पडलेले डोमेन उभे करतात. निओडायमियमला पूर्ण भरायला साधारण ३ टेस्लाचं क्षेत्र लागतं, त्यामुळे दुसरा चुंबक घासून हे काम होत नाही. पण अख्ख्या हब मोटरच्या मापाचं फिक्स्चर, म्हणजे झटका देण्यासाठीचा साचा, प्रत्येकाकडे नसतं, म्हणून जाण्याआधी व्यास आणि चुंबकांची संख्या सांगून फोनवर विचारा. फिक्स्चर बनवण्याचा खर्च नव्या रोटरपेक्षा जास्त येत असेल तर रोटरच घ्या. चकत्यांचा मुलामा फुगलेला किंवा गंज दिसत असेल तर मॅग्नेटाइज करण्यात पैसे घालूच नका, ते तिसऱ्या प्रकारचं नुकसान आहे.

त्या मुलाने रोटर बदलला. बंद करण्याआधी मी त्याच्याकडूनच मोटर मोजून घेतली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहायला लावलं: १६.८ व्होल्ट, ७७ हर्ट्झ, २७ अंश, आणि खाली तारीख.